वकिलीच्या परीक्षेतले विषय

सनदेसाठी परीक्षा ही नवी गोष्ट नव्हे. १९६१च्या अधिवक्ता अधिनियमात प्रशिक्षणाची व परीक्षेची अट होती. १९७३च्या दुरुस्तीने ती गेली. २०१०मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने अखिल भारतीय परीक्षा ठरवली, मार्च २०११मध्ये ती प्रथम झाली, २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली.

प्रश्न आहे तो विषयांचा. १०० प्रश्न, १९ विषय. राज्यघटनेला १०, कंपनी कायद्याला २, बौद्धिक संपदेला २. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे मात्र या यादीत स्वतंत्र नावच नाही! ज्या कायद्याची फिर्याद घेऊन आमची माणसे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात, तो न उघडताही सनद मिळू शकते. ही यादी कोणते अशील डोळ्यांपुढे ठेवून केली?

१ जुलै २०२४ला १८६०ची दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. त्या डिसेंबरच्या परीक्षेत जुन्या कायद्यांशेजारी नवेही आले. यात गैर काही नाही. जुने खटले जुन्याच कायद्याने चालणार. पण माझ्याकडे संध्याकाळी येणारा विद्यार्थी घरातला पहिला पदवीधर आहे, मी होतो तसाच. सीनियरांनी वापरून दिलेल्या पुस्तकांवर त्याचा अभ्यास. जुने पुस्तक टाकता येईना, नवे परवडेना. शेवटी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आम्ही वहीत हाताने उतरवला. मागची दोन पाने १९८९च्या कायद्यासाठी ठेवली आहेत. अटकपूर्व जामीन नाकारणारे कलम १८ लिहून झाले. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगणारे कलम ४ अजून उतरवायचे आहे.