हिवऱ्याची औषधी बाग

अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश शल्यचिकित्सक 1838 मध्ये दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक झाला. जुन्नरजवळच्या हिवऱ्याची बागही त्याच्याकडेच होती. तिथे औषधी वनस्पती लावून सरकारी औषधभांडारासाठी अर्क काढत. त्यांत खुरासानी ओवाही होता.

हा अर्क पोटातले पेटके थांबवतो. कसा, हे गिब्सनला कळणं शक्यच नव्हतं. त्यातलं हायोसायमीन पेशींच्या आवरणातल्या मस्करिनिक ग्राहींत जाऊन बसतं. मग आतड्याच्या स्नायूंना आकुंचनाचा संदेश देणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनला तिथे जागाच उरत नाही.

हे ग्राही जी-प्रथिनांशी जोडलेल्या मोठ्या कुळातले. या कुळावरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना 2012 मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी दोन मस्करिनिक ग्राहींची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. आता नवा रेणू तिथे कसा बसेल, याचा अंदाज आधी संगणकावरच घेतात.

पोटातल्या पेटक्यांवर डॉक्टर आजही हायोसायमीनच्याच भाऊबंदांपैकी हायोसीन ब्यूटिलब्रोमाइड देतात.