उसना अंधार : कमी भांडवलाचे भयपट का टिकतात?

कमी भांडवलाचे भयपट लवकर विसरले जावेत, अशीच सारी व्यवस्था असते. नामवंत नट नसतात, परीक्षणे कुत्सित असतात आणि ज्या भुताच्या भरवशावर तिकिटे खपतात ते भूत दहा वर्षांत हास्यास्पद दिसू लागते. तरीही यांतले काही चित्रपट पन्नास वर्षे टिकतात. याचे कारण त्यांच्या अर्थकारणात आहे. मात्र ते काव्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमके मांडता येते.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना भरताने विकृत आवाज, भूतदर्शन, कोल्हे-घुबडे, ओस घर आणि अरण्य यांचा एकत्रच उल्लेख केला आहे. उत्तरकालीन परिभाषेत भूत हा आलंबन विभाव. रात्र, आवाज, ओस घर हे उद्दीपन विभाव. चित्रपटाच्या हिशेबवहीत हा भेद निराळ्या रूपात दिसतो. आलंबन विकत घ्यावे लागते : मुखवटा, रंगभूषा, युक्तिदृश्ये. उद्दीपन बहुतांशी उसने मिळते. जो निर्माता गरीब, त्याला उद्दीपनावरच विसंबावे लागते. आणि अनुभव असा की विकत घेतलेले जुने होते; उसने घेतलेले सहसा होत नाही.

याचे अभिजात उदाहरण हॉलिवुडमधले आहे. १९४२ साली आर.के.ओ. कंपनीने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याला स्वस्त भयपट काढण्याचे काम दिले. चित्रपटाचे नाव कंपनी ठरवणार आणि खर्च दीड लाख डॉलरच्या आत राहणार, अशा अटी होत्या. पहिल्याच ‘कॅट पीपल’मध्ये दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेला जिना वापरला गेला. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात श्वापद जवळजवळ दिसतच नाही. भिंतीवर हलणारा पाण्याचा उजेड, सावल्या आणि गुरगुर एवढ्यावर दिग्दर्शक जॅक टूर्नर काम भागवतो. ते श्वापद प्रेक्षकाने स्वतःच घडवलेले असल्यामुळे आजही शिळे वाटत नाही.

आपल्याकडे रामसे बंधूंना संयमाचे श्रेय कोणी देणार नाही. त्यांना भूत दाखवायचेच असे. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) पडला, पण त्यातल्या मुखवटाधारी पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी हेरले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) निघाला. महाबळेश्वरात मुक्काम ठोकून, लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे घरातल्या घरात वाटून घेऊन, कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार अवघ्या साडेतीन लाखांच्या आसपास तो पुरा झाला. पुढे मुरूडचा नवाबाचा राजवाडाही त्यांच्या कामी आला. आज त्यांचे रबरी मुखवटे पाहून हसू येते. राजवाड्याचे जिने पाहून येत नाही. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सामरी लक्षात राहिला, तोही मुख्यतः अनिरुद्ध अग्रवाल या पेशाने अभियंता असलेल्या नटाच्या उंचीमुळे आणि चेहऱ्यामुळे. म्हणजे आलंबनातलेही जे टिकले ते उसनेच होते.

पण उसनी जागा रिकामी येत नाही. आपला इतिहास घेऊन येते. हे मराठवाड्यातल्या प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले की स्पष्ट होते. मुखेड, कंधार, उदगीर हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण चित्रपट वितरणाच्या नकाशावर तो पुढेही ‘निजाम’ विभागातच राहिला. या भागातल्या गावोगावी देशमुखांच्या गढ्या ढासळत उभ्या आहेत. ‘पुराना मंदिर’मधल्या राजघराण्याला शाप असा, की घरातली प्रत्येक लेक बाळंतपणात मरेल. ज्याच्या गावात गढी आहे, त्याला ही हवेली परकी नाही. वाड्याच्या वैभवाखाली काहीतरी पुरलेले आहे, आणि त्याची किंमत घरातल्या बाईच्या देहाने चुकवायची आहे, हे त्याला पटकथेने समजावून सांगावे लागत नाही.

मराठीत हीच वाट वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ने (१९७६) निराळ्या रीतीने चोखाळली. त्यात भुताहून भुताच्या समजुतीला महत्त्व आहे. चाळीस वर्षांनी, २०१६ साली, त्यातल्याच एका गाण्याचे शब्द ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने नाव म्हणून घेतले आणि आकेरीच्या एका जुन्या घरात भयाचा संसार मांडला. टिकले ते गाणे आणि घर.

‘तुंबाड’ (२०१८) स्वस्त चित्रपटांत मोडत नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. पण राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचे बीज नारायण धारपांच्या एका कथेत आहे, आणि कथालेखकाहून गरीब निर्माता कोणता? धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी शब्दांखेरीज कोणत्याही सामग्रीविना वाचकांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली. ‘तुंबाड’ने ही शिस्त पाळली : सासवडचा पुरंदरे वाडा आणि खऱ्या पावसाळ्यांतला पाऊस. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेहून जास्त कमाई झाली. संगणकाने घडवलेल्या भुतांचा काळ असूनही लोक त्या पावसात परत गेले.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) या परंपरेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उसाच्या फडात एक घर, त्यात एक गर्भवती स्त्री. खर्चिक असे काहीच नाही; भय आहे ते उसाचे. पुरुषभर उंच वाढलेल्या उसात दहा पावलांवरचे दिसत नाही आणि पाचटाची सळसळ थांबत नाही. येथे जे पुरलेले आहे ते मुलींचे मरण. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. हा आकडा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या उसात लपलेली पोरे कोण, हे विचारावे लागत नाही. याच दिग्दर्शकाने २०२१ साली ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत पुन्हा केला. ऊस मात्र तसाच ठेवला.

म्हणून या चित्रपटांचे आकर्षण केवळ स्मरणरंजनाचे मानणे अपुरे आहे. पैशाच्या अभावी त्यांना खऱ्या जागेत जावे लागले, आणि त्या जागांत जे घडून गेले होते ते, दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो, फितीवर उतरले. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात शिरणाऱ्या बाईला ‘लपाछपी’तला ऊस हे प्रतीक वाटणार नाही. आपल्या समीक्षेने या प्रकाराकडे पाहायचे असेल, तर तिच्या जागेवरून पाहावे.