पर्यावरणाचा धडा वर्गात कसा रुजवावा? सीमाभागातील शिक्षकांसाठी माहिती

म्हादई नदी खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिच्या आजूबाजूचं जंगल मात्र तीन राज्यांत विभागलेलं आहे. कर्नाटकात भीमगड अभयारण्य (२०११), गोव्यात म्हादई अभयारण्य (१९९९) आणि महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातलं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र (२०२०). या पट्ट्यातल्या मराठी शाळांतील मुलं तीन वेगवेगळ्या मंडळांची पुस्तकं वाचतात, पण त्यांच्या शेतात येणारा गवा एकच असतो. म्हणूनच इथल्या शिक्षकाला पुस्तकाबाहेरची मदत लागते.

कायदा आणि अभ्यासक्रम काय सांगतो?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जंगल, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण हे नागरिकांचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. कलम ५१ अ (छ) ते हेच. पुढे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला. त्याची नीट अंमलबजावणी होत नसल्याने २००३ मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीला नमुना अभ्यासक्रम करायला सांगितलं. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना ‘परिसर अभ्यास’ आणि नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हे विषय आहेत. शाळांत इको क्लब चालवण्यासाठी केंद्र सरकारची ‘राष्ट्रीय हरित सेना’ ही योजना २००१-०२ मध्ये सुरू झाली.

थोडक्यात, विषय कागदावर आहे. अडचण येते ती वर्गात.

शिक्षकांची खरी अडचण

एक-दोन शिक्षकी शाळेत एकाच गुरुजींकडे तीन-चार इयत्ता असतात. त्यात सरकारी माहिती भरणं आणि परीक्षा. मग पर्यावरण म्हणजे ५ जूनला एक रोप आणि एक घोषणा, एवढ्यावर भागतं. प्रशिक्षण मिळालं तरी ते बऱ्याचदा एका दिवसाचं असतं आणि त्यातली उदाहरणं इथली नसतात.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. ज्या मुलाच्या घरची केळी हत्तीने मोडली किंवा भात रानडुकरांनी खाल्लं, त्याला ‘प्राणी आपले मित्र’ हे वाक्य कसं पटणार? २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात आले, तेव्हापासून दोडामार्गात हा प्रश्न रोजचा आहे. वर्गात या नुकसानीबद्दल बोलायला जागा नसेल, तर मूल पेपरात एक उत्तर लिहितं आणि घरी दुसरंच बोलतं. म्हणून सुरुवात नुकसानीपासूनच करावी. जनावर शेतात का आलं, जंगलात काय बदललं, भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, पंचनामा म्हणजे काय, हे सगळं शिकवण्यासारखं आहे. अर्ज लिहिणं हा भाषेचा तास होतो आणि नुकसानीचा हिशोब हा गणिताचा.

फारसा खर्च न करता घेता येणारे उपक्रम

• एक झाड, एक वर्ष : शाळेजवळचा आंबा, फणस किंवा बहावा निवडून आठवड्यातून एकदा पालवी, फुलं, फळं यांची नोंद करायची. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात शाळा अशी नोंद पाठवू शकतात.

• पक्षीगणना : दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. एका जागी किमान १५ मिनिटं पक्षी मोजले तरी पुरतं.

• तीन राज्यांची मानचिन्हं : महाराष्ट्राचा शेकरू, गोव्याचा गवा, कर्नाटकचा हत्ती. हे तिन्ही प्राणी याच डोंगररांगेत राहतात. प्रत्येकाची मराठी, कोंकणी, कन्नड नावं मुलांनी घरून विचारून आणायची. सीमाभागात हा तास रंगतो.

• लोक जैवविविधता नोंदवही : २००२ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने ती ठेवायची असते. आजी-आजोबांकडून रानभाज्या, देवराई, जुन्या बियाणांची माहिती गोळा करून मुलं त्यात भर घालू शकतात.

सुरक्षिततेचे नियम आधी

अभयारण्यात मुलांना नेण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. अंडी, घरटी उचलून वर्गात आणू नयेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप चित्रांवरून ओळखायला शिकवावेत, पण कुठलाही साप हाताळायचा नाही. दंश झाल्यास कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला शांत ठेवून, हालचाल न करू देता थेट दवाखान्यात न्यायचं. सत्तरी, दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीमुळे पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनविभागाला कळवावं, हे प्रत्येक मुलाला पाठ हवं.

मदत कोणी करायची?

मुख्याध्यापकांनी आठवड्याला एक तास मोकळा दिला, केंद्रप्रमुखांनी पाच-सहा शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा एकत्र बसवलं, तरी बरंच काम सोपं होतं. वनरक्षक, गावचा वैदू, जुना शेतकरी यांना वर्गात बोलवायला पैसे लागत नाहीत. बाहेरून आधार हवा असेल तर अहमदाबादचं पर्यावरण शिक्षण केंद्र (स्थापना १९८४) शिक्षकांसाठी साहित्य तयार करतं. मुंबईच्या बीएनएचएसचं (स्थापना १८८३) गोरेगावला निसर्गशिक्षण केंद्र आहे.

पालक सभेतही हा विषय घ्यावा. मुलांच्या वहीतली नोंद घरी वाचली गेली, तर शेताच्या बांधावरची चर्चाही बदलू शकते. एका वर्षात एक उपक्रम नीट पार पडला तरी पुष्कळ झालं. पुढच्या वर्षी त्याच झाडाची वही नव्या वर्गाच्या हातात द्यायची.