द्राक्षबागेतलं ‘टॉनिक’ म्हणजे नेमकं काय? बाटली विकत घेण्याआधी हे तपासा

‘एकच फवारणी करा, मणी टपोरे होतील’ असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यातल्या बाटलीला दुकानदार टॉनिक म्हणतो. कायद्यात अशा उत्पादनांसाठी शब्द आहे बायोस्टिम्युलंट, म्हणजेच जैव उत्तेजक.

हे खत आहे की औषध?
दोन्ही नाही. खत अन्नद्रव्यं देतं, औषध रोग-कीड रोखतं. जैव उत्तेजक झाडाची अन्नद्रव्यं घेण्याची आणि ताण सोसण्याची क्षमता वाढवतं. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक ॲसिड, अमिनो ॲसिड ही त्याची नेहमीची उदाहरणं.

द्राक्षात वापर कधी होतो?
एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पांढरी मुळी वाढावी म्हणून ह्युमिक ॲसिड ठिबकमधून देतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर शेवाळ अर्काची फवारणी होते. पाण्याचा ताण किंवा क्षारपड जमीन असेल तर फायदा दिसू शकतो. पण डाउनी किंवा भुरी यामुळे बरी होत नाही.

मग धोका कुठे आहे?
मणी फुगवणारं जिब्रेलिक ॲसिड हे संजीवक आहे आणि ते कीटकनाशक कायद्याखाली येतं. ‘टॉनिक’मध्ये असं काही न सांगता मिसळलं असेल, तर त्याचा अंश फळात राहू शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडल्याने महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात नाकारली गेली होती. त्या हंगामात निर्यातदार आणि बागायतदार दोघांनाही मोठा फटका बसला.

कायदा काय म्हणतो?
फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आणली. त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या उत्पादनांना दिलेल्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली.

खरेदी करताना काय बघाल?
• लेबलवर घटकांची नावं आणि प्रमाण आहे का?
• तुमच्या पिकाचं नाव आणि मात्रा दिली आहे का?
• पक्कं बिल आणि त्यावर बॅच नंबर आहे का?
• पहिल्यांदा वापरताना दोन ओळी न फवारता सोडा. फरक पडला की नाही, ते तिथेच कळेल.

मंजुरी पिकानुसार मिळते. त्यामुळे द्राक्षासाठी मंजूर झालेली बाटली नागपुरी संत्र्यालाही चालेल, असं गृहीत धरू नका.