मणक्यांची नलिका अरुंद होणे : ज्येष्ठांपुढील शस्त्रक्रियेचे पर्याय

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सुंदरपेरुमाळ कोयिल हे लहानसे स्थानक लागते. भोवताली कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती आहे. भाताची लावणी करणारा माणूस तासन् तास कमरेत वाकलेला असतो. एखाद्या वृद्धाला असे वाकून काम करताना त्रास होत नाही, मात्र बांधावरून ताठ चालू लागताच त्याच्या पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात आणि थोडे बसले की बरे वाटते. अशा वेळी तक्रारीचे मूळ बहुधा पायात नसून कण्यात असते. या विकाराला वैद्यकात स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. मणक्यांमधून जाणारी नलिका अरुंद होऊन आतील मज्जातंतूंवर दाब येणे, असा त्याचा अर्थ आहे.

वयाबरोबर मणक्यांमधील गादी झिजते व मागे सरकते. मागील बाजूचे छोटे सांधे सुजून मोठे होतात आणि नलिकेच्या आतील पिवळसर अस्थिबंध जाड होतो. या तिन्हींच्या कात्रीत मज्जातंतू सापडतात. पुढे वाकल्यावर नलिका किंचित रुंद होते आणि ताठ उभे राहिल्यावर ती आवळते. त्यामुळेच या रुग्णांना सायकल चालवणे जमते, पण बाजारापर्यंत चालत जाणे जमत नाही. नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथील शल्यविशारद हेंक फेरबीस्ट यांनी १९४९ व १९५४ मधील लेखांतून या लक्षणांची नेमकी मांडणी केली. त्यानंतर या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली.

पायातील रक्तवाहिन्या अरुंद झाल्यास चालताना अशाच वेदना होतात. मात्र त्या नुसते उभे राहिल्यानेही थांबतात, तर कण्याच्या विकारात बसावे किंवा वाकावे लागते. मधुमेही व तंबाखूचे सेवन करणाऱ्या रुग्णांत दोन्ही विकार एकत्र असू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी पायाची नाडी तपासून घेणे आवश्यक ठरते. दुसरी गोष्ट एमआरआयविषयी. साठीनंतर अनेक निरोगी व्यक्तींच्या एमआरआयमध्येही नलिका अरुंद दिसते. शस्त्रक्रिया चित्राची करायची नसते, तक्रारीची करायची असते. केवळ अहवालातील 'सीव्हिअर' या शब्दाने घाबरून निर्णय घेऊ नये.

कमरेच्या स्टेनोसिसमध्ये घाई करण्याचे कारण सहसा नसते. अमेरिकेत १६९ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया आणि नियमित भौतिकोपचार यांची तुलना करण्यात आली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखी आढळली. अर्थात, भौतिकोपचाराच्या गटातील अनेकांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. कण्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याचा प्रघात आपल्याकडेही बराच आहे. मात्र ४०० रुग्णांच्या २०१४ मधील चाचणीत केवळ बधिर करणाऱ्या औषधापेक्षा स्टिरॉइडचा फारसा अधिक लाभ दिसला नाही. व्यायाम, वजन नियंत्रण आणि वेदनाशामक औषधे यांचा काही महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही चालण्याचे अंतर घटतच गेले, घराबाहेर पडणे बंद झाले, तर शस्त्रक्रियेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

पहिला व सर्वांत जुना पर्याय म्हणजे दाब काढणे, अर्थात डिकम्प्रेशन. मणक्याच्या मागील कमानीचा भाग आणि जाड झालेला अस्थिबंध काढून मज्जातंतूंना जागा करून दिली जाते. पूर्ण कमान काढल्यास तिला लॅमिनेक्टॉमी म्हणतात. अलीकडे बहुतेक ठिकाणी सूक्ष्मदर्शकाच्या वा दुर्बिणीच्या साह्याने एका बाजूने शिरून दोन्ही बाजूंचा दाब काढला जातो. त्यामुळे स्नायूंची हानी कमी होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची जाहिरात पुष्कळ होते. परंतु नॉर्वेतील ४३७ रुग्णांवरील अभ्यासात, कमान राखून दाब काढण्याच्या तीन निरनिराळ्या पद्धतींच्या परिणामांत दोन वर्षांनंतर उल्लेखनीय फरक आढळला नाही. शल्यविशारदाचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे ती पद्धत चांगली, असे यावरून म्हणता येईल.

दुसरा पर्याय मणके जोडण्याचा, म्हणजे फ्युजनचा. यात दाब काढल्यानंतर स्क्रू व सळ्या बसवून आणि हाड भरून दोन मणके कायमचे एक केले जातात. मूळचे गोव्याचे न्यूरोसर्जन डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव यातील पीएलआयएफ या पद्धतीशी जोडले गेले आहे. 'ताठ कणा' या त्यांच्या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकांना ते परिचित आहेत. एक मणका दुसऱ्यावरून घसरत असेल, पाठीला बाक आला असेल किंवा दाब काढताना सांध्याचा मोठा भाग काढावा लागणार असेल, तर जोडणीला सबळ कारण असते.

खरा वाद आहे तो अशी कारणे नसतानाही स्क्रू बसवावेत का, याविषयी. स्वीडनमध्ये ५० ते ८० वर्षे वयाच्या २४७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्युजन केलेल्या रुग्णांना सरासरी ७.४ दिवस, तर केवळ दाब काढलेल्यांना ४.१ दिवस रुग्णालयात राहावे लागले. दोन वर्षांनी सहा मिनिटांत चालण्याचे अंतर मात्र अनुक्रमे ३९७ व ४०५ मीटर, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. पुढील काळातील पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाणही २२ आणि २१ टक्के, असे सारखेच राहिले. त्याच वर्षीच्या ६६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासाने थोडा निराळा कौल दिला. मणका घसरलेल्या रुग्णांत फ्युजननंतर जीवनमान किंचित अधिक सुधारले आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ १४ टक्के रुग्णांवर आली. केवळ दाब काढलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. परंतु २०२१ मधील नॉर्वेच्या २६७ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात घसरलेल्या मणक्यातही केवळ दाब काढणे कमी ठरले नाही.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभागाचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांनी तर याच्या उलट टोकाचा विचार मांडला आहे. त्यांच्या मते विकाराचे मूळ मणक्यांच्या अस्थैर्यात असून, हाड न काढता केवळ सांधे स्थिर केल्याने दाबाची लक्षणे कमी होऊ शकतात. ही मांडणी विचार करायला लावणारी आहे. मात्र वरील अभ्यासांसारख्या मोठ्या तुलनात्मक चाचण्यांची जोड मिळेपर्यंत सामान्य रुग्णासाठी तिला प्रमाण मानता येणार नाही.

तिसरा पर्याय दोन मणक्यांच्या मागील टोकांमध्ये पाचरीसारखे साधन बसवण्याचा. 'एक्स-स्टॉप' नावाच्या अशा साधनाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली होती. शस्त्रक्रिया लहान असल्याने अतिवृद्धांसाठी ती सोयीची वाटली. पण पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक आढळले आणि ते साधन बाजारातून गेले. अशी अन्य साधने अजून वापरात आहेत.

अधिक मोठी शस्त्रक्रिया म्हणजे अधिक चांगली, ही समजूत ज्येष्ठांच्या बाबतीत महागात पडू शकते. अमेरिकेतील मेडिकेअरच्या नोंदींवर आधारित २०१० मधील अभ्यासात जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंतीचे प्रमाण केवळ दाब काढलेल्यांत २.३ टक्के, तर गुंतागुंतीच्या फ्युजनमध्ये ५.६ टक्के होते. हाडे ठिसूळ असल्यास स्क्रू सैल होण्याचा धोका असतो. म्हणून जोडणीपूर्वी हाडांची घनता तपासली जावी. तंबाखू बंद न केल्यास हाड जुळण्यास विलंब लागतो. वय ८० आहे एवढ्याच कारणाने शस्त्रक्रिया नाकारली जाऊ नये. हृदय, मूत्रपिंड, रक्तातील साखर आणि रुग्णाची मूळची हालचाल यांना वयापेक्षा अधिक महत्त्व आहे. केवळ दाब काढण्याची शस्त्रक्रिया अनेकदा कमरेखाली भूल देऊनही करता येते.

पायांतील कळ जेवढी कमी होते तेवढी कंबरदुखी कमी होत नाही, हे कुटुंबीयांना आधीच सांगितले गेले पाहिजे. पायाचा जुना बधिरपणाही पूर्ण जाईलच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी न थांबता किती अंतर चालता येते ते लिहून ठेवावे आणि नंतर त्याच्याशी तुलना करावी. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. उपचारापूर्वीची व नंतरची स्थिती टिपण्याची ती शिस्त दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

मानेतील स्टेनोसिसचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तेथे प्रत्यक्ष मज्जारज्जू दाबला जातो. सदऱ्याची बटणे लावता न येणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे असून वेदना मुळीच नसू शकतात. ही लक्षणे वाढत असतील तर वाट पाहणे योग्य नाही, कारण गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतर परत येईलच असे नसते. समोरून गादी काढून मणके जोडणे, मागून कमान काढणे किंवा जपानमध्ये विकसित झालेल्या लॅमिनोप्लास्टीने कमान दारासारखी उघडणे, असे पर्याय आहेत. कमरेच्या विकारातही लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे किंवा पाऊल अचानक लुळे पडणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खर्चाच्या दृष्टीने पाहता, ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांच्या नावाची आरोग्य विमा योजना आहे. कुंभकोणम परिसरातील रुग्णांना तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाचे शासकीय रुग्णालय जवळ पडते. निवडलेली शस्त्रक्रिया व तिला लागणारे स्क्रू मंजूर पॅकेजमध्ये बसतात का, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील योजनेच्या कक्षात विचारून घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या केव्हा थांबवायच्या हेही डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत.