छत्र, इरलें आणि छत्री

पनवेलच्या परिसरांत पाऊस एकदां सुरू झाला म्हणजे चार महिने मुक्काम ठोकून राहतो. तेवढ्या अवधींत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी पडतें. गाढी नदीच्या आसमंतांतील विचुंबे हें ह्याच पाण्यावर भात पिकविणाऱ्या टापूंतील एक गांव. आतां तेथें इमारतींची दाटी झाली आहे आणि पावसाळ्यांत सकाळीं कामावर निघालेल्या माणसांच्या हातांत घडीच्या छत्र्या दिसतात. छत्री आज इतकी सामान्य वस्तु झाली आहे कीं, तिचें कूळ राजघराण्याचें आहे, हें सांगूनहि खरें वाटूं नये.

महाभारताच्या अनुशासनपर्वांत तिच्या जन्माची कथा आहे. जमदग्नि बाण सोडीत होते व रेणुका ते वेंचून आणीत होती. उन्हाच्या तापानें तिला विलंब झाला, तेव्हां ऋषि सूर्यावरच कोपले; आणि सूर्यानें शरण येऊन छत्र व पादत्राण दिलें. कथेंत ही सोय एका श्रमलेल्या स्त्रीसाठीं झाली. इतिहासांत मात्र छत्र सत्तेच्या डोक्यावर जाऊन बसलें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत स्तूपावर उभारलेलें लांकडी छत्र सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहे. १६७४ सालीं रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हां ‘छत्रपति’ हेंच पद त्यांनीं धारण केलें. मोठ्या सरदारांस अब्दागिरीचा मान मिळे. हा शब्द फारसी ‘आफ्ताबगीर’वरून आला, त्याचा रोख उन्हाकडे आहे, पावसाकडे नव्हे. दक्षिणेंत त्रावणकोर संस्थानांत तर एकोणिसाव्या शतकांतहि कित्येक जातींस छत्री धरण्याची मनाई होती. सांवलीसुद्धां प्रतिष्ठा पाहून वांटली जात होती.

मग मुसळधार पावसांत चिखलांत उभें राहणाऱ्यांनीं काय करावें? कोंकणच्या शेतकऱ्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर दरबाराकडे मागितलें नाहीं. तें त्यानें रानांत शोधलें. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यांत दाटीनें बसविलेलीं पळसासारखीं रुंद पानें आणि उपड्या होडीच्या अर्ध्या भागासारखा आकार, असें हें इरलें. त्याचें टोंक डोक्यावर टेकतें आणि उरलेला भाग पाठीवरून कंबरेखालीं उतरतो. भाताची लावणी ओणव्यानें होते. एका हातांत रोपांची मूठ असते, दुसऱ्या हातानें रोपें खोंचावीं लागतात. छत्रीला एक हात द्यावा लागतो, इरल्याला एकहि नाहीं. ज्याला इरलें नको, तो घोंगडीची खोळ करून घेई.

हीच वांटणी दूर जपानांतहि दिसते. तेथें छत्र प्रथम आलें तें मानचिन्ह म्हणूनच. शेतकऱ्याच्या अंगावर मात्र पेंढ्याचा ‘मिनो’ आणि डोक्यावर रुंद टोपी असे. टोपीलाहि ‘कासा’ म्हणतात आणि छत्रीलाहि ‘कासा’च. पुढें तेलकट कागदाच्या व बांबूच्या छत्र्या नगरवासीयांच्या नित्य वापरांत आल्या. एदो, म्हणजे आजचें तोकियो, येथील एचिगोया हें कापडाचें दुकान अवचित पाऊस आल्यास गिऱ्हाइकांस छत्र्या उसन्या देई. त्यांवर दुकानाचें चिन्ह असल्यामुळें प्रत्येक सरीबरोबर त्याची जाहिरात शहरभर फिरे.

१८५२ सालीं इंग्लंडांत सॅम्युअल फॉक्स यानें पन्हळीच्या आकाराच्या हलक्या पोलादी काड्या काढल्या आणि आधुनिक छत्रीस बळकट सांगाडा मिळाला. जपान्यांनीं त्या परदेशी काळ्या छत्रीस ‘वटवाघळी छत्री’ असें नांव दिलें. मुंबईत १८६० सालीं इब्राहिम करीम यांची छत्र्यांची पेढी सुरू झाली. कारकून, शिक्षक, वकील यांच्या हातीं काळी छत्री आली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानें मालकाचें नांव झळकूं लागलें. एदोच्या दुकानदाराचा हेतु नांव पसरावें हा. मराठी गृहस्थाचा हेतु, छत्री चुकून दुसऱ्याबरोबर जाऊं नये, एवढाच! परंतु जें छत्र पूर्वीं सेवकानें धरावयाचें, तें आतां ज्यानें त्यानें आपल्या हातानें धरलें, ही गोष्ट लहान नव्हे.

इरल्याच्या वांट्याला मात्र असा इतिहास आला नाहीं. पानें कुजतात आणि पुन्हां नवीं घालावीं लागतात. पुढें पानांच्या जागीं प्लास्टिकचा कागद आला; आणि जेथें शेतच उरलें नाहीं, तेथें इरल्याचें कामहि उरलें नाहीं. पावसाचा एक थेंबहि ज्यास कधीं अडवावा लागला नाहीं, तें कार्ल्याचें छत्र आज पाहावयास मिळतें. ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या लावणीकरणींच्या पाठी कोरड्या राखल्या, तें इरलें दोन-चार पावसाळ्यांपलीकडे टिकत नाहीं. मानाच्या वस्तु जपल्या जातात, कामाच्या वस्तु झिजून जातात. म्हणून पनवेलच्या आसपास एखाद्या माळ्यावर जुन्या इरल्याचा सांगाडा अद्याप पडून असेल, तर तो चुलींत घालण्यापूर्वीं घरच्यांनीं क्षणभर विचार करावा. कोंकणच्या भाताचा इतिहास त्याच छपराखालीं घडला आहे.