विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रीजंट मंडळ : प्रसारण परवाने आणि संशोधकांचे शोध

रीजंट मंडळ हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सरकारी विद्यापीठांचे सर्वोच्च नियामक मंडळ होय. मंडळाचे १८ सदस्य असतात. त्यांपैकी १६ जणांची नेमणूक राज्याचा गव्हर्नर सिनेटच्या संमतीने करतो (यांत २ विद्यार्थी असतात). उरलेले दोघे पदसिद्ध असतात. मॅडिसन येथील मूळ विद्यापीठ १८४८ साली स्थापन झाले. राज्यातील इतर सरकारी विद्यापीठे १९७१ मध्ये त्याच्याशी जोडली गेल्यावर मंडळाचा अधिकार सर्वांवर आला. नभोवाणीचा परवाना आणि प्राध्यापकांच्या शोधांचे पेटंट हे दोन्ही ठरावीक काळापुरते एकाधिकारच आहेत. परंतु मंडळाने पहिला स्वतःच्या हाती ठेवला आणि दुसरा एका स्वतंत्र संस्थेकडे जाऊ दिला.

प्रसारण परवाने

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्ल टेरी यांनी मॅडिसन येथे 'नाइन एक्स एम' या प्रायोगिक केंद्रावरून प्रक्षेपणाचे प्रयोग केले. पहिल्या महायुद्धात बहुतेक नागरी केंद्रे बंद करण्यात आली, तरी नौदलाच्या कामासाठी हे केंद्र चालू राहिले. १९२२ च्या जानेवारीत त्याला 'डब्ल्यूएचए' हे नाव मिळाले. १९३१ मध्ये सुरू झालेल्या 'विस्कॉन्सिन स्कूल ऑफ द एअर' या कार्यक्रमामुळे खेड्यांतील एकशिक्षकी शाळांतही संगीत, निसर्गपरिचय आदी विषयांचे पाठ पोहोचू लागले. दूरचित्रवाणी केंद्र १९५४ साली सुरू झाले.

कायद्याच्या दृष्टीने या केंद्रांचा परवानाधारक प्राध्यापक नाही, विभाग नाही आणि कुलगुरूही नाही. परवानाधारक रीजंट मंडळ आहे. परवाना संघीय दळणवळण आयोग देतो. त्याची मुदत कमाल ८ वर्षांची असते आणि आयोगाच्या संमतीवाचून तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शैक्षणिक केंद्राला जाहिराती घेता येत नाहीत. साहाय्य करणाऱ्यांचा केवळ नामोल्लेख करता येतो. दैनंदिन काम कर्मचारी पाहत असले, तरी नियमभंग झाल्यास आयोगापुढे उत्तर मंडळालाच द्यावे लागते. मॅडिसनमधील विद्यार्थ्यांचे 'डब्ल्यूएसयूएम' केंद्रही मंडळाच्याच परवान्यावर चालते. राज्यभरातील इतर अनेक केंद्रांचे परवाने मात्र 'एज्युकेशनल कम्युनिकेशन्स बोर्ड' या वेगळ्या शासकीय संस्थेकडे आहेत, आणि 'विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओ' ही संस्था व विद्यापीठ मिळून चालवतात. २०१८ मध्ये विद्यापीठाचा विस्तार विभाग विसर्जित होऊन प्रसारणाचे व्यवस्थापन मॅडिसनकडे आले, तेव्हाही मंडळाच्या नावचे परवाने मंडळाकडेच राहिले.

शोध आणि पेटंट

जीवरसायनशास्त्रज्ञ हॅरी स्टीनबॉक यांनी १९२३-२४ च्या सुमारास दाखवून दिले की, अतिनील किरणांचा मारा केल्यास अन्नातील 'ड' जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढते. मुडदूस हा त्या काळी गरिबांच्या मुलांची हाडे वाकवणारा सर्वत्र आढळणारा रोग होता, म्हणून या शोधाचे मोल केवळ व्यापारी नव्हते. स्टीनबॉक यांनी पदरचे पैसे खर्चून पेटंटचा अर्ज केला आणि क्वेकर ओट्स कंपनीने देऊ केलेली मोठी रक्कम नाकारून पेटंट विद्यापीठाच्या कामी यावे असे सुचविले. पेटंटचा व्यवहार मंडळाने अंगावर घेतला नाही. सरकारी मंडळाने परवाने विकणे व कोर्टकचेऱ्या करणे अवघड होतेच, शिवाय राजकारणाचेही भय होते. १९२५ मध्येच मंडळाने खाजगी शैक्षणिक निधींच्या देणग्या न घेण्याचा ठराव केला होता (तो १९३० मध्ये मागे घेण्यात आला). मंडळाच्या संमतीने १९२५ मध्येच माजी विद्यार्थ्यांनी 'विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. नऊ जणांनी प्रत्येकी १०० डॉलर दिले. पेटंटे संस्थेच्या ताब्यात असतात, आणि उत्पन्न अनुदानरूपाने विद्यापीठातील संशोधनाकडे परत येते. उंदीर मारण्यासाठी आणि पुढे रक्त गोठू नये म्हणून वापरात आलेल्या 'वॉर्फरिन' या औषधाचे नाव याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून पडले आहे.

हे अंतर राखण्याची किंमतही होती. दूध-लोण्याचे राज्य असलेल्या विस्कॉन्सिनमध्ये पिवळ्या मार्गारीनवर १९६७ पर्यंत बंदी होती. संस्थेनेही मार्गारीनवर ही प्रक्रिया करण्याचा परवाना दिला नाही. मार्गारीन हे तर गरिबांचे लोणी. ज्यांच्या मुलांना मुडदूस होत असे, त्यांच्याच ताटातील पदार्थ वगळला गेला. १९४५ मध्ये अपील न्यायालयाने स्टीनबॉक यांचे पेटंट अवैध ठरवले आणि गरिबांच्या अन्नापासून अशी प्रक्रिया दूर ठेवण्यावर कठोर टीका केली. निर्णय संस्थेचा होता, मंडळाचा नव्हे. तथापि त्यातून मिळणारा पैसा विद्यापीठाच्याच प्रयोगशाळांत येत होता.

सध्याची पद्धत

मॅडिसन येथील संशोधकाने आपल्या शोधाची माहिती विद्यापीठाला देणे बंधनकारक आहे. निधी देणाऱ्याशी झालेल्या कराराची अट नसेल, तर शोधावर विद्यापीठ सहसा हक्क सांगत नाही. संशोधक तो स्वतःकडे ठेवू शकतो किंवा स्वेच्छेने संस्थेकडे देऊ शकतो. संस्थेकडे दिल्यास स्वामित्वशुल्काचा २० टक्के हिस्सा त्याला मिळतो. संघीय निधीतून झालेल्या शोधांना १९८० चा बे-डोल कायदा लागू होतो. तथापि हा कायदा शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाकडे नेत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ व रोश कंपनी यांच्यातील खटल्यात दिला. त्यामुळे लेखी हस्तांतरपत्रावर संशोधकाची सही घेणे आवश्यक ठरते.